टाकीत पेट्रोल, तरी इंजिन उपाशी

गेल्या मे महिन्यात देवबागला मावसभावाकडे गेलो होतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे त्याचा पर्यटकांना बोटीतून फिरवण्याचा धंदा आहे. आधीच्या दोन बोटींना साधी आउटबोर्ड मशिनं आहेत, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली. त्यात त्याने एक तिसरी, जुनी पण देखणी स्पीडबोट आणली होती: २६ फुटी, आत ३०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. ती काही केल्या नीट चालत नव्हती. पूर्ण वेग दिला की दहा मिनिटांत धापा टाकायची. जवळच्या त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटावर अर्धा तास थांबली, की नंतर सुरूच व्हायची नाही.

"टाकीत पेट्रोल असा, मगे मशीन उपाशी कित्या मरता?" भावाने विचारलं. बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे यावर एक उपाय होता. तो पंपावर ओलं फडकं टाकायचा आणि म्हणायचा, "तापलाहा, जरा दम खाऊंदे तेका." वीस मिनिटांनी बोट सुरू व्हायची.

ते फडकं बघून मला फोंडा घाट आठवला. उन्हाळ्यात घाट चढताना अँबॅसडर बंद पडली, की ड्रायव्हर बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे. वरवर तोडगा वाटावा अशी ही कृती भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप द्रव पुढे सरकवण्यासाठी बनलेला असतो. वाफ तो नुसती दाबतो आणि सोडतो, पुढे काहीच जात नाही. थंडावा मिळाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि इंजिनाला घास मिळतो.

पण पेट्रोल उकळतंच का? नारळी-पोफळीच्या बागेतल्या विहिरीवर पंप बसवलेल्या कुणालाही याचं अर्धं उत्तर माहीत असतं. विहिरीच्या काठावरचा पंप सात-आठ मीटरच्या खालून पाणी उचलत नाही. अश्वशक्ती वाढवली तरी उचलत नाही. कारण पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपात फक्त पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. त्याच्या जोरावर पाणी जास्तीत जास्त दहा मीटरच्या आसपास चढतं. टॉरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हेच दाखवलं. म्हणून खोल विहिरीत पंप काठावर न ठेवता पाण्यात सोडतात. ढकलायला अशी मर्यादा नसते, ओढण्याला असते.

पेट्रोलच्या बाबतीत ही मर्यादा फार अरुंद आहे. ३८ अंश सेल्सिअसला पेट्रोलचा बाष्पदाब साधारण ६० किलोपास्कल असतो. पाइपातला दाब त्याच्या खाली गेला, की पेट्रोल तिथल्या तिथे उकळतं. म्हणजे १०१ मधून ६० गेले, हाताशी उरले ४१. इंजिनाच्या खोलीत तापमान ५० अंशांवर गेलं की बाष्पदाब ८५ च्या पुढे सरकतो आणि शिल्लक उरते जेमतेम १५ किलोपास्कल. पेट्रोल टाकीतून पंपापर्यंत येण्याचा सगळा खर्च या पंधरात भागवायचा असतो. बोटीसाठी पंप निवडताना मी सर्वांत आधी हा हिशेब मांडतो. पंपावर छापलेला लिटरचा आकडा त्यानंतर.

भावाच्या बोटीत आधीच्या कुणीतरी शर्यतीच्या मोटारीसाठी विकला जाणारा, ताशी ४०० लिटरचा पंप इंजिनखोलीच्या भिंतीवर बसवला होता. टाकीपासून तिथपर्यंत चार मीटर नळी, आतला व्यास ८ मिलिमीटर. पंप टाकीच्या तळापासून ६० सेंटिमीटर उंच. त्याचा खर्च असा निघतो. ६० सेंटिमीटर उंचीला चारेक किलोपास्कल. ४०० लिटर हा मोकळ्या नळीचा आकडा, दाबाविरुद्ध चालताना तो पंप ताशी ३०० च्या आसपास पेट्रोल खेचतो. तेवढा प्रवाह ८ मिलिमीटरच्या नळीतून जायचा तर घर्षणापोटी तेरा गेले. जुना फिल्टर, टाकीच्या तोंडावरचा अर्धवट अडकलेला झडपेचा गोळा आणि दोन काटकोनी जोड यांचे मिळून सहा. एकूण २३. आणि दुपारच्या उन्हात शिल्लक होती १५.

इंजिनाला मुळात किती पेट्रोल लागतं? चांगलं फोर स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात एका अश्वशक्तीला तासाला सुमारे २२५ ग्रॅम पेट्रोल जाळतं. ३०० अश्वशक्तीला साडेसदुसष्ट किलो, म्हणजे ९१ लिटर. बाकीचे दोनशेहून जास्त लिटर नुसते फिरत राहायचे: टाकीतून पंपात, पंपातून इंजिनावर, तिथून परत टाकीत. इंजिन मंद चालू असलं तरी पंप तेवढंच खेचणार. शिवाय असा पंप १२ अँपिअरपर्यंत वीज घेतो. ती दीडशे वॅटच्या घरातली शक्ती शेवटी उष्णता होऊन पेट्रोलातच उतरते. मोठा पंप पोकळी वाढवत होता, पेट्रोल तापवत होता आणि आपल्याच हाताने स्वतःची वाट बंद करत होता. पंप जितका मोठा तितका चांगला, ही समजूत किनाऱ्यावर मला इतक्यांदा भेटली आहे की याबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो आहे.

जवळच्या मेकॅनिकने उपाय सुचवला: पंप टाकीशेजारी, खाली बसवा. भौतिकशास्त्र त्याच्याच बाजूने आहे. मोटारीत पंप टाकीच्या आतच असतो, खोल विहिरीतल्या पंपासारखा. मग बोटीत का नको?

कारण मोटारीखाली रस्ता असतो. नळी गळली तर पेट्रोल खाली सांडतं आणि वाफ वाऱ्यावर जाते. बोट म्हणजे तळ बंद असलेलं भांडं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती पाण्यासारखी तळाच्या पोकळीत साचते आणि तिथून हलत नाही. हवेत तिचं प्रमाण दीड ते साडेसात टक्के झालं, की एखादी ठिणगी पुरते. टाकीशेजारचा पंप म्हणजे तिथून इंजिनापर्यंतची सगळी नळी दाबाखाली. तिला सुईएवढं भोक पडलं तरी पेट्रोलचा फवारा उडतो. हीच नळी ओढीची असेल, तर त्या भोकातून हवा आत जाते आणि इंजिन बंद पडतं. दर्यात इंजिन बंद पडणं वाईटच, पण ते पेटलेल्या बोटीइतकं वाईट नाही. म्हणूनच अमेरिकेच्या नौकानियमांत पेट्रोल पंप इंजिनावरच किंवा त्याच्यापासून १२ इंचांच्या आत हवा, असं बंधन आहे. विजेचा पंप इंजिन चालू असताना किंवा सुरू करतानाच चालला पाहिजे, हेही त्यात आहे. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप मात्र पेट्रोल ओतत राहिला, असं होता कामा नये. आणि पंप बोटीसाठीच बनवलेला हवा, आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू न देणारा. मोटारीच्या सुट्या पंपाला अशी हमी नसते.

तर पेच असा: वाफ टाळायची तर ढकला, आग टाळायची तर ओढा. बोटीच्या इंजिनांनी यातून जी वाट काढली ती मला फार आवडते. एकाच पंपावर सगळा भार न टाकता दोन टप्पे केले. पहिला पंप हलक्या दाबाचा, ०.३ ते ०.४ बारचा (एक बार म्हणजे १०० किलोपास्कल). तो इंजिनाला चिकटून बसतो आणि ओढीचं काम सौम्यपणे करतो. तो पेट्रोल एका छोट्या डब्यात सोडतो. डब्यात तरंगता गोळा असतो, संडासाच्या फ्लशच्या टाकीसारखा. डबा भरला की आवक बंद. वाफ वर जमते आणि तिथल्या वाटेने इंजिनाच्या हवेत जाते. तळाशी राहतं निव्वळ द्रव. दुसरा, सुमारे ३ बार दाबाचा पंप तिथे पेट्रोलात बुडून बसतो. त्याला ओढायचं काही नसतं, फक्त ढकलायचं असतं. दाबाखालची नळी उरते हातभर.

या रचनेत ओढीच्या नळीतून इंजिन जाळेल तेवढंच पेट्रोल येतं. ३०० ऐवजी ९१ लिटर. घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाने घटतं, आणि नळी ८ ऐवजी १० मिलिमीटरची घेतली तर आणखी तिपटीने कमी होतं. डब्याभोवती किंवा परतीच्या नळीवर समुद्राच्या पाण्याचा गारवा फिरवतात. मे महिन्यातही आपला समुद्र तिशीच्या आसपास असतो, ५० अंशांच्या इंजिनखोलीच्या मानाने थंडगारच.

पंपाचा आकार ठरवताना गरजेवर पाव हिस्सा जादा धरावा. ९१ लिटरला ११५ पुरतात. पण हे ११५ लिटर कामाच्या दाबाला आणि पंपापाशी खरोखर पोचणाऱ्या व्होल्टेजला मिळाले पाहिजेत. आकडा बहुधा १३.५ व्होल्टला छापलेला असतो. खाऱ्या हवेने हिरवी पडलेली तार पंपाला साडेअकराच पोचवत असेल, तर पंप नवा असूनही अर्धपोटी. कथिलाचा मुलामा दिलेली जाड तार आणि स्वतंत्र रिले यांवर खर्च झालेले पैसे वाया जात नाहीत.

टर्बो किंवा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र, लावलेल्या इंजिनाचं गणित आणखी कडक. अशी इंजिनं अश्वशक्तीला २७० ग्रॅमपर्यंत पितात. ६०० अश्वशक्ती म्हणजे ताशी जवळपास २२० लिटर. हवेचा दाब ०.७ बारने वाढला की पेट्रोलचा दाबही ३ वरून ३.७ वर न्यावा लागतो, आणि नेमक्या त्या दाबाला पंप कमी पेट्रोल देतो. इथे पंप अपुरा पडला तर इंजिन लगेच थांबत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, सिलिंडरमधला जाळ भलत्याच वेळी भडकतो, टकटक सुरू होते आणि पिस्टनला भोक पडतं. मोटार असा पूर्ण जोर काही सेकंद लावते. बोट मात्र सतत घाट चढत असल्यासारखी असते, पाणी तिला उतार देत नाही. म्हणून अशा इंजिनाला पेट्रोलच्या दाबाचा काटा आणि दाब पडताच जोर कमी करणारी सोय, दोन्ही हवीतच. दोन पंप लावून दुसरा गरजेपुरता चालवणं, किंवा पंपाचा वेग गरजेप्रमाणे बदलणं, हे एका राक्षसी पंपापेक्षा शहाणपणाचं.

आता इथेनॉल. आपल्याकडच्या पेट्रोलात ते आता २० टक्के असतं आणि बऱ्याच आउटबोर्ड उत्पादकांची शिफारस १० टक्क्यांपर्यंतच आहे. त्यात ऊर्जा कमी, म्हणून तीच ताकद मिळवायला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. ९१ चे जवळपास ९८ लिटर धरा. बाष्पदाबही थोडा वाढतो. पण कोकणात मला खरी धास्ती वाटते ती पाण्याची. १० टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी शिरलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. २० टक्क्यांत पाणी जास्त मावतं, पण वेगळं झालं तर थरही मोठा. आणि टाकीतून पेट्रोल उचलणारी नळी तळाशीच असते. पावसाळ्यात बोटी महिनोन्महिने शाकारून ठेवतात, टाकी दमट हवा घेत-सोडत राहते. सप्टेंबरात पहिली चावी फिरवली की पंपाच्या तोंडी तो थर. १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि जुन्या रबरी नळ्यांच्या जागी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, ही पंपाइतकीच महत्त्वाची खरेदी आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या डिझेल ट्रॉलरवाल्यांचं दुखणं वेगळं. डिझेल या उन्हात उकळत नाही, तिथे पाइप हवा धरतो.

भावाच्या बोटीत नवीन काही घेण्याआधी आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक नळी टाकली आणि ओढीच्या बाजूला पोकळी मोजणारा काटा लावला. खाडीत पूर्ण वेग दिल्यावर काटा पाऱ्याच्या सात इंचांवर, म्हणजे कागदावरच्या २३ किलोपास्कलवरच येऊन थांबला. नळीत बुडबुडे असे, की सोडा वाहतोय वाटावं. (आउटबोर्डवर तर काट्याचीही गरज नाही. चालत्या मशिनाच्या पेट्रोल नळीवरचा, हाताने दाबायचा रबरी बल्ब चपटा पडला, तर टाकीकडची वाट तुंबली आहे. आधी टाकीच्या झाकणावरची हवेची खुंटी उघडी आहे का ते पाहावं.)

मग मोठा पंप काढला, दोन टप्प्यांची जोडणी केली, नळी बदलली, अडकलेली झडप बदलली. पारदर्शक नळी चाचणीपुरतीच, ती बोटीत कायम ठेवायची नसते. ती काढण्याआधी पुन्हा मोजलं: दोन इंच. त्सुनामी आयलंडवर भर दुपारी पाऊण तास थांबून चावी फिरवली, तर पहिल्या फटक्यात सुरू.

तांडेलाचं फडकं आता फिल्टर पुसायला असतं. निघण्याआधी तो इंजिनाचं झाकण उघडतो, खाली वाकून वास घेतो आणि तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा, ब्लोअर, चार मिनिटं चालवतो. तोवर पर्यटक जॅकेटं चढवत असतात आणि भाऊ त्यांचे पट्टे एकेक करून ओढून बघतो.