फेअरमाइल 'बी': युद्धातली लाँच प्रवासी बोट कशी झाली आणि तिची प्रतिकृती कशी बांधायची

पेटी उघडल्याबरोबर गोंद हातात घेऊ नका. या एका संचातून दोनपैकी कोणतीही एक बोट बनते, आणि कोणती बनवायची हे डेक चिकटवण्याआधीच ठरवावे लागते. पहिली म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश नौदलाची फेअरमाइल 'बी' मोटर लाँच. दुसरी म्हणजे युद्ध संपल्यावर तोफा उतरवून प्रवासी वाहतुकीला लावलेली तीच लाँच. सांगाडा दोन्हींचा सारखाच आहे. डेकच्या वरचे सामान आणि तळातले वजन मात्र बदलते.

मूळ बोटही सुट्या भागांचीच

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनला पाणबुड्यांवर नजर ठेवायला छोट्या बोटी शेकड्यांनी हव्या होत्या, आणि मोठ्या गोद्या मोठ्या जहाजांच्या कामात अडकल्या होत्या. नोएल मॅकलिन हे मूळचे मोटारवाले. इन्व्हिक्टा आणि रेल्टन या गाड्या त्यांच्याच. बोटीचे भाग ठिकठिकाणच्या कारखान्यांत कापून घ्यायचे, फर्निचर बनवणाऱ्यांनाही कामाला लावायचे, आणि पूर्ण संच लहान बोटबांधणी कारखान्यांकडे जोडणीसाठी पाठवायचा, ही त्यांची योजना. 'ए' प्रकाराच्या १२ बोटी झाल्या. त्यानंतर नौदलाच्या आराखड्यावरून गोल बुडाचा 'बी' प्रकार आला. १९४० मध्ये त्याच्या पहिल्या बोटी दाखल झाल्या आणि पुढे एकूण सुमारे ६५० बांधल्या गेल्या. कॅनडाच्या नौदलाकडे ८०, ऑस्ट्रेलियाकडे ३५, न्यूझीलंडकडे १२ होत्या. आपल्याकडे मुंबई आणि कलकत्त्यातही त्यांची बांधणी झाली, आणि रॉयल इंडियन नेव्हीच्या लाँच ब्रह्मदेशातल्या अराकानच्या किनाऱ्यावर लढल्या.

लांबी ११२ फूट, रुंदी १८ फूट ३ इंच, पाण्याखालचा भाग ४ फूट १० इंच, वजन ८५ टन. सांगाड्याच्या बरगड्या प्लायवुडच्या. त्यांवर महोगनीच्या पातळ फळ्यांचे दोन थर, एक एका बाजूला तिरपा आणि दुसरा त्याच्या उलट. दोन्ही थरांच्या मध्ये तेलात भिजवलेले सुती कापड. तिरप्या थरांमुळे बोट पिळली जात नाही आणि कापडामुळे पाणी आत झिरपत नाही. संचात पांढऱ्या कापडाचा जो लहान तुकडा आहे तो यासाठीच, पुसायचे फडके म्हणून वापरून टाकू नका. डाव्या बाजूला बरगडी क्र. ११ ते १३ च्या मध्ये बाहेरचा थर मुद्दाम उघडा सोडून हे कापड दाखवायचे आहे. बोट शोकेसमध्ये ठेवली की बघणारा पहिला प्रश्न त्याच खिडकीबद्दल विचारतो.

डेकवर आधीच भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असत. त्यामुळे आज पाणबुडीविरोधी स्फोटके, उद्या सुरुंग, परवा जास्तीच्या तोफा असा बदल नव्याने सुतारकाम न करता होई. संचातल्या काळ्या पट्ट्या त्याच आहेत. प्रवासी रूप करणार असाल तर त्यांवर बाके बसतील.

प्रवासी बसवण्याआधी काय बदलावे लागते

तोफा काढल्या, पांढरा रंग दिला, बाके मांडली की झाली प्रवासी बोट, असे वाटते. प्रत्यक्षात दोन गोष्टी आड येतात: आग आणि तोल.

या लाँचमध्ये हॉल-स्कॉट कंपनीची प्रत्येकी सुमारे ६०० अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने होती. वेग २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किमी. टाक्यांत २,३०५ गॅलन पेट्रोल, म्हणजे जवळजवळ साडेदहा हजार लिटर, आणि भोवती सगळे लाकूड. जर्मनांच्या ताब्यातल्या सेंट नाझेर या फ्रेंच बंदरावर २८ मार्च १९४२ ला झालेल्या हल्ल्यात अशा १६ लाँच सामील होत्या. लांबचा पल्ला म्हणून त्यांच्या डेकवर जादा पेट्रोलच्या टाक्या ठेवलेल्या. गोळ्या लागताच बोटी पेटल्या आणि बहुतेक परत आल्याच नाहीत. शांततेच्या काळातही धोका जात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. डिझेलची वाफ साध्या तापमानाला पेट घेण्याइतकी होतच नाही. म्हणून प्रवासी सेवेसाठी पेट्रोल इंजिने काढून डिझेल बसवणे हा या रूपांतराचा गाभा. ताकद घटली, वेग उतरला, पण बंदराच्या या काठावरून त्या काठावर जायला २० नॉट हवेत कोणाला?

आता तोल. ही बोट लांबट, अरुंद आणि गोल बुडाची, त्यामुळे लाटेवर चांगलीच डोलते. तोफा जड असल्या तरी जागच्या हलत नाहीत. माणसे हलतात. १०० प्रवाशांचे वजन धरा ७ टन. डावीकडे काही दिसले की सगळे डावीकडे धावतात. म्हणून वर उंच खोल्या चढवायच्या नाहीत, काढलेल्या वजनाची भरपाई तळातच करायची, आणि नौदलाच्या बारीक तारांच्या कठड्याऐवजी लहान मूलही निसटणार नाही असा दाट कठडा लावायचा.

इंग्लंडच्या टॉरके आणि ब्रिक्सहॅम या दोन गावांमधल्या उपसागरात 'वेस्टर्न लेडी' नावाने या लाँचनी अनेक वर्षे प्रवासी नेले. त्यातली 'वेस्टर्न लेडी ३' ही मुळात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवणारी आरएमएल (रेस्क्यू मोटर लाँच) ४९७. पुढे ती तिथल्या नौदल संग्रहालयाने घेतली आणि हार्टलपूलला नेली. आपला प्रवासी संच या प्रकारच्या बोटींवरून घेतला आहे, हुबेहूब एकाच बोटीवरून नाही.

बांधणी

प्रमाण १:७२. तयार बोट ४७४ मिमी लांब आणि ७७ मिमी रुंद. पेटीत ३ मिमी प्लायवुडचा कणा, २१ बरगड्या, १ मिमीचे डेक, ०.६ मिमी विनियरच्या (लाकडाच्या पातळ कापाच्या) ८० पट्ट्या, १० ग्रॅमच्या ६ शिसपट्ट्या, दोन पितळी पंखे, दोन सुकाणू, आणि वरच्या सामानाच्या दोन वेगळ्या पिशव्या आहेत. गोंद, रंग, पॉलिश पेपर तुमचे.

बरगड्या आधी कोरड्याच बसवून बघा. खाच घट्ट वाटली तर कानशीचे दोन हात मारा, हातोडीने ठोकू नका. क्रमांक कोरलेली बाजू नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे. मग प्रत्येक बरगडी गुण्याला लावून फेव्हिकॉलने चिकटवा आणि रात्रभर सुकू द्या. इथे एक मिमी तिरपे गेले की पुढे डेकला दोन मिमीची फट पडते, आणि ती पुट्टीने लपत नाही.

पट्ट्या दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवा, बोटाने वाक द्या, फडक्याने टिपा आणि मग लावा. सुरुवात मधल्या बरगडीपासून, कण्याशी ४५ अंशात. आतला थर नाळेकडे झुकलेला, बाहेरचा मागे. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे. हा क्रम मोडून एक बाजू आधी पूर्ण करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांची बोट सुकल्यावर केळ्यासारखी वाकते. ओला विनियर सुकताना आकसतो आणि कण्याला आपल्याकडे ओढतो, दुसऱ्या बाजूने तेवढीच ओढ नसेल तर कणा वाकणारच.

खानदेशातल्या उन्हाळ्याचा इथे वेगळा विचार करा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असताना गोंदावर तीन-चार मिनिटांत साय धरते, म्हणून एका वेळी दोनच पट्ट्यांपुरता गोंद लावा. उलट कूलरच्या वाऱ्यासमोर काम केले तर दमट हवेने गोंद सुकतच नाही आणि पट्ट्यांची टोके उचलतात. कूलर बंद, पंखा हळू, सकाळी लवकर बसायचे, हे उत्तम. दोन थरांच्या मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

घासताना १२० नंबरचा पेपर फक्त पुट्टीवर. विनियरवर २२०, शेवटी ४००. पट्टी जेमतेम अर्ध्या मिमीची आहे, जोर लावाल तर आतला थर वर येईल.

आतून वॉर्निशचे दोन हात द्या आणि डेक अजून चिकटवू नका.

वजन

'८५ टन भागिले ७२' असा हिशेब करू नका. लांबी ७२ पट कमी होते, वजन ७२ × ७२ × ७२ म्हणजे ३,७३,२४८ पट. त्या हिशेबाने तयार बोट सुमारे २३० ग्रॅमची हवी. सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेल. रंगासह सांगाडा १२५ ग्रॅमच्या आसपास येतो, बाकीचे डेकवरचे सामान आणि शिसे.

डेक नुसते ठेवून, सगळे सामान वर मांडून बोट टबात सोडा. शिसपट्ट्या बरगडी ८ ते १४ च्या मध्ये, कण्याला लागून. नाळ खाली गेली तर एक पट्टी मागे सरकवा. बरगड्यांवर कोरलेल्या रेघेइतके पाणी आले पाहिजे. ही रेघ समुद्राच्या पाण्याची आहे, आपल्या गोड्या पाण्यात पाव-अर्धा मिमी जास्त बुडेल, ते चालेल. प्रवासी रूपात सहाही पट्ट्या लागतात. लढाऊ रूपात तोफांचे ओतीव भाग जड असल्याने बहुधा पाच पुरतात.

आता दहा रुपयांची दोन नाणी घ्या. एक नाणे ७.७१ ग्रॅमचे, दोन मिळून या प्रमाणात साधारण ८० माणसे. आधी डेकच्या मधोमध ठेवा, मग दोन्ही एका कठड्याला लावा. बोट कलेल, पण डेकची कड पाण्याला टेकता कामा नये. टेकली तर शिसे वर बसले आहे किंवा छताला रंगाचे थर जास्त झाले आहेत. हे जमल्यावरच शिसे आणि डेक कायमचे चिकटवा.

प्रवासी रूपात कठडा १४ मिमी उंच, म्हणजे खरा एक मीटर, आणि बाकाची बैठक ६ मिमी. कठड्याला फेव्हिक्विक लावाल तर भोवती पांढुरका डाग उठतो, तिथे पातळ फेव्हिकॉलच वापरा.

पाण्यात सोडताना

शेततळ्यात सोडायची हौस सगळ्यांनाच असते. तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही आणि आत गेलेल्या माणसाला उतारावरून वर येता येत नाही. पोरांना एकटे पाठवू नका. बोटीला नाळेच्या कडीतून दोरा बांधा आणि कुंपणाबाहेरूनच ओढा, नाहीतर घरचा हौद बरा. बोअरचे पाणी जड असते, सुकल्यावर रंगावर पांढरा थर धरते, म्हणून बाहेर काढताच साध्या पिण्याच्या पाण्याने धुऊन पुसा.

उन्हाच्या खिडकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर बोट ठेवू नका, पट्ट्यांच्या सांध्यांना चिरा पडतात. बारीक चीर दिसली तर लगेच पुट्टी भरू नका. पाऊस सुरू झाला की लाकूड पुन्हा फुगते आणि आधी भरलेली पुट्टी सांधा आणखी उचकटते. जुलैपर्यंत थांबा, तेव्हाही चीर उरली असेल तर पातळ वॉर्निश सोडा.

भाग कमी निघाला किंवा तुटला तर झाकणाच्या आतला संच क्रमांक आणि भागावर कोरलेला आकडा कळवा. बरगड्या आणि डेक सुटे मिळतात. विनियर मात्र १० पट्ट्यांच्या जुडीनेच मिळेल, कारण एका फळीतून काढलेल्या पट्ट्यांचाच रंग जुळतो.