क्रॉम्प्टनचा राइट बॅक आणि आजचा राइट बॅक

रात्र जागवून इंग्लिश फुटबॉलची प्रीमियर लीग बघणाऱ्याला 'राइट बॅक' म्हटलं की टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) घासून वर-खाली पळणारा, क्रॉस टाकणारा (कडेवरून गोलसमोर चेंडू पाठवणारा) बचावपटू दिसतो. मग कधीतरी जुन्या नोंदींत वाचायला मिळतं : बॉब क्रॉम्प्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, राइट बॅक, इंग्लंडकडून 41 सामने. आपण तेच चित्र त्यालाही चिकटवतो, आणि गल्लत होते.

क्रॉम्प्टन पहिल्या महायुद्धाआधी ऐन भरात होता (ब्लॅकबर्नने 1912 आणि 1914 ला लीग जिंकली), तेव्हा मांडणी 2-3-5 असे : मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. गोलीच्या पुढ्यात फक्त दोघं, तेच फुलबॅक. विंगरवर, म्हणजे कडेने येणाऱ्या हल्लेखोरावर, बऱ्याचदा बाजूचा हाफबॅक नजर ठेवी. फुलबॅक मधल्या पट्ट्यात घर राखायचे. म्हणजे आजच्या हिशेबाने क्रॉम्प्टन सेंटर बॅकच्याच, म्हणजे मधोमध उभ्या बचावपटूच्याच जवळचा. धिप्पाड शरीर, नियमात बसणारी खांद्याची धडक आणि चेंडू लांब भिरकावून देणं. ओव्हरलॅप (विंगरला ओलांडून पुढे धावणं) वगैरे विसरा.

खरी गंमत ऑफसाइडची. तेव्हा पास निघताना हल्लेखोर आणि गोलरेषा यांच्यात प्रतिस्पर्ध्याचे तीन जण लागत, गोली धरून; नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी. त्यामुळे एक फुलबॅक मागे राखणीला थांबे आणि दुसरा नेमक्या क्षणी दोन पावलं पुढे सरके. झालं, फॉरवर्ड ऑफसाइड! चुकलाच तरी मागे जोडीदार असेच. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन यात इतका तरबेज की प्रेक्षक वैतागायचे.

1925 ला नियमात तिनाचे दोन झाले आणि ही चलाखी महागात पडू लागली. पहिल्या डिव्हिजनमधले, म्हणजे लीगच्या वरच्या विभागातले गोल एका हंगामात 1192 वरून 1703 वर गेले. मग सेंटर हाफ, म्हणजे तीन हाफबॅकांतला मधला, मागे ओढला गेला आणि दोन्ही फुलबॅक विंगरसमोर, कडेला सरकले. नावं मात्र तीच राहिली. 1939 ला लीगमध्ये पाठीवर नंबर आले तेही जुन्याच क्रमाने : फुलबॅक 2 आणि 3, हाफबॅक 4, 5, 6. म्हणून 2 आणि 3 च्या मधोमध 5 नंबर उभा दिसायचा, आणि बचावात खेळूनही तो 'हाफ'च म्हणवला जायचा.

क्रॉम्प्टनचा 41 सामन्यांचा विक्रम 1952 मध्ये इंग्लंडच्याच बिली राइटने मोडला. तेव्हा राइट हा राइट हाफ, म्हणजे उजव्या बाजूचा हाफबॅक होता. दोन वर्षांनी तो सेंटर हाफ झाला, म्हणजे साधारण क्रॉम्प्टनच्याच जागी येऊन उभा राहिला.