मॅन्युअल कोणासाठी लिहिलं होतं?

जुनी स्पोर्ट्स कार घरी स्वतःच्या हातांनी सांभाळायची ठरवली, की लवकरच एक कोडं समोर येतं. एकाच गाडीवरची तीन-चार मॅन्युअल मिळतात आणि ती एकमेकांसारखी नसतात. क्लच बदलण्याचं काम एका पुस्तकात चार ओळींत उरकलेलं असतं. दुसरं त्याच कामासाठी फोटोंसकट कितीतरी पानं खर्च करतं. तिसऱ्यात मजकूरच नसतो, नुसती चित्रं आणि भागांचे क्रमांक. यातलं चांगलं कोणतं हे कळायला आधी ही पुस्तकं कुठून आली ते पाहावं लागतं.

मोटारीच्या पहिल्या काळात मालकाचं पुस्तक आणि दुरुस्तीचं पुस्तक यांत फारसं अंतर नव्हतं. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीबरोबर मिळणारं पुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात होतं: गाडी सुरू करण्याआधी काय करायचं, इंजिन गरम झालं तर काय, व्हॉल्व्ह कसे घासायचे. हे सगळं मालक स्वतः करणार हे गृहीतच होतं. पेट्रोल आणि तेलाचा दर्जा असा होता की काही हजार मैलांनी सिलिंडर हेड उतरवून आतला कार्बन खरवडावाच लागे. अशी कामं तेव्हा नेहमीच्या देखभालीत मोडत.

पुढे कंपन्यांनी अधिकृत विक्रेत्यांचं जाळं उभारलं आणि पुस्तकं दुभंगली. मालकाच्या हाती आली पातळ पुस्तिका: तेल किती, टायरमध्ये हवा किती, दिवे कसे लावायचे. खरी माहिती वर्कशॉप मॅन्युअल म्हणून विक्रेत्याच्या गॅरेजकडे गेली. ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा बहराचा काळ नेमका हाच. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. एमजी आणि ऑस्टिन-हीली या तिच्याच छत्राखालच्या गाड्या. त्यांची फॅक्टरी मॅन्युअल आजही त्यांच्या प्रकाशन क्रमांकानं ओळखली जातात. एमजीबी या एमजीच्या मॉडेलचा जुना मालक ‘एकेडी ३२५९’ म्हणाला, तर दुसऱ्या मालकाला आणखी काही सांगावं लागत नाही.

ही मॅन्युअल तयार मेकॅनिकसाठी होती. उमेदवारी केलेला, हात बसलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. ‘गिअरबॉक्स उतरवा’ एवढं म्हटलं की पुरे. गंजलेला बोल्ट कसा सोडवायचा, इंजिन कुठून धरून उचलायचं, कोणता पाइप आधी काढला नाही तर पुढे अडकायला होतं, यातलं काही लिहायची गरज नव्हती, कारण शेजारच्या पिटमध्ये जुना मेकॅनिक उभा असे. शिवाय पानापानावर ‘१८ जी’नं सुरू होणारे क्रमांक दिसतात. ती कंपनीची खास हत्यारं. विक्रेत्याच्या भिंतीवर ती टांगलेली असत, घरी काम करणाऱ्याकडे त्यातलं एकही नसे.

तरीही आकड्यांच्या बाबतीत माझा भरवसा फॅक्टरी मॅन्युअलवर. बेअरिंगमध्ये किती मोकळीक चालते, पिस्टन कितपत झिजलेला चालेल, कोणता नट किती टॉर्कवर (म्हणजे किती पिळाच्या जोरानं) कसायचा, हे आकडे गाडी घडवणाऱ्यांकडून थेट आलेले असतात. नंतरच्या पुस्तकांनी ते उतरवून घेतले, आणि उतरवताना चूक होऊ शकते. दोन पुस्तकांत तफावत दिसली तर मी आधी फॅक्टरीच्या पानाकडे जातो, आणि त्याची नंतर दुरुस्त आवृत्ती निघाली आहे का तेही पाहतो.

फॅक्टरीचं पुस्तक किती गृहीत धरतं, याचं माझं आवडतं उदाहरण आट्यांचं, म्हणजे बोल्टवरच्या पिळाच्या खाचांचं आहे. १९४५ साली आलेल्या एमजी टीसीच्या १२५० सीसी इंजिनात बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत, पण डोकी मात्र ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. मेट्रिक पाना डोक्यावर नीट बसत नाही आणि व्हिटवर्थ बोल्ट भोकात जात नाही! याचं मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडे जातं. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॉव्हेंट्रीत आलेल्या या कारखान्यानं नंतर मॉरिससाठी इंजिनं बनवली. यंत्रं फ्रेंच मापाची, म्हणून आटे मेट्रिक. गिऱ्हाइकांच्या पेटीत ब्रिटिश पाने, म्हणून डोकी त्यांना जुळतील अशी. १९२३ साली मॉरिसनं तो कारखाना विकत घेतला आणि ही पद्धत पुढची अनेक वर्षं टिकून राहिली. कंपनीच्या मेकॅनिकला हे अंगवळणी होतं. आज पहिल्यांदा हे इंजिन उघडणारा माणूस मात्र बाजारातला साधा बोल्ट जबरदस्तीनं पिळतो आणि ब्लॉकचे आटे घालवून बसतो. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी युनिफाइड, म्हणजे तिघांना समान असे आटे मान्य केले, त्यानंतरच्या गाड्यांत हा घोळ हळूहळू संपला.

मालकाची ही अडचण ज्यानं नीट हेरली तो जॉन हेन्स. जन्म १९३८, तेव्हाच्या सिलोनमध्ये. इंग्लंडमध्ये शाळेत असतानाच त्यानं जुन्या ऑस्टिन ७ ची स्पोर्ट्स कार केली आणि ती कशी केली याची पुस्तिका काढली. २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे तो ब्रिटिश हवाई दलात गेला. अरबस्तानातल्या एडनला नेमणूक असताना एका सहकाऱ्यानं ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली, बेडकासारखे डोळे वर असलेली पहिली आवृत्ती, आणि तिची अवस्था वाईट होती. फॅक्टरी मॅन्युअल सामान्य माणसाला उपयोगाचं नाही, हे त्या दुरुस्तीत हेन्सच्या ध्यानात आलं. मग त्यानं कॅमेरा घेतला आणि इंजिन खोलताना, जोडताना टप्प्याटप्प्यानं फोटो काढले. १९६६ साली त्या गाडीचं मॅन्युअल निघालं. ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या.

पुस्तक लिहिणाऱ्यानं गाडी स्वतः खोलायची आणि स्वतः जोडायची, हा नियम तिथून पडला. हातात पाना असताना ज्या जागी अडायला होतं, नेमका तिथला फोटो पुस्तकात येतो तो यामुळे. हे काम मला फार मोलाचं वाटतं. पुढे जगभरात हेन्सच्या अशा पुस्तकांच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. एक उणीव मात्र अनुभवी मालक लगेच सांगतील: ‘जोडणी उलट क्रमानं करा’ हे वाक्य. काढताना सहज निघणारा भाग बसवताना छळतो, आणि त्या जागी पुस्तक गप्प बसतं.

मॅन्युअल घेताना बहुतेकांची फसगत वर्षांवरून होते. एमजीबी १९६२ ते १९८० अशी बनली आणि नाव तेच राहिलं, आतली गाडी बदलत गेली. सुरुवातीच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंग होती, १९६४ च्या अखेरीस पाच झाली. १९६७ पर्यंत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, नंतर ऋण टोक. जुन्या आकृतीवर विसंबून नव्या गाडीची बॅटरी उलटी जोडली तर अल्टरनेटरचे डायोड जळतात. म्हणून इंजिन नंबर आणि चासी नंबर आधी टिपून घ्यावेत आणि पुस्तक तो क्रमांक धरतं का ते पाहावं. गाडीच्या कागदावर लिहिलेलं वर्ष नोंदणीचं असू शकतं, बनावटीचं नव्हे. फॅक्टरी मॅन्युअलच्या नव्या आवृत्तीत जुन्या गाडीची पानं कधी गाळलेली असतात. नवी आवृत्ती म्हणजे चांगली, हे इथे चालत नाही.

चित्रं आणि क्रमांकांचं ते तिसरं पुस्तक म्हणजे पार्ट्स लिस्ट. सुटे भाग विकणाऱ्याला ऑर्डर घेता यावी एवढ्यासाठीच ती काढली होती. पण तिच्यातल्या चित्रात प्रत्येक वॉशर, स्प्रिंग आणि पिन ज्या क्रमानं बसते त्याच क्रमानं एका रेषेवर मांडलेली असते. जोडणीच्या वेळी दोन्ही मॅन्युअल जिथे गप्प होतात तिथे हे चित्र बोलतं. १९४८ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या मॉस मोटर्ससारख्या विक्रेत्यांचे कॅटलॉगही अशाच चित्रांमुळे मालक जपून ठेवतात.

मूळ प्रती आता कमी मिळतात, पुनर्मुद्रणं मिळतात. घेण्याआधी वायरिंगचं पान उघडून पाहावं. पुन्हा छापताना फोटो काळवंडतात आणि तारांच्या रंगांची बारीक अक्षरं भरून जातात. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तर घडीची मोठी पानं अर्धीच आलेली असतात.

काही गोष्टी या पुस्तकांना ठाऊकच नव्हत्या. ब्रेकची धूळ झटकून टाका, असं जुनी पुस्तकं सहज सांगतात. त्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असे, ब्रिटननं त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. ती धूळ कोरड्या हवेत कधीही उडवू नये. पेट्रोलचंही तसंच. शिसं असलेलं इंधन गृहीत धरून लिहिलेली व्हॉल्व्ह सीटची पानं आज जशीच्या तशी लागू होत नाहीत.

जॉन हेन्स २०१९ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रकाशन कंपनीनं नव्या गाड्यांची वर्कशॉप मॅन्युअल कागदावर छापणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. जुनी मॅन्युअल छापत राहू, असंही सांगितलं.

फॅक्टरी मॅन्युअल ज्याच्यासाठी लिहिलं तो विक्रेत्याच्या गॅरेजातला मेकॅनिक आता उरलेला नाही. त्याची ‘१८ जी’ हत्यारं जुन्या बाजारात येतात, काही मालकांचे क्लब ती सभासदांना वापरायला देतात. आज ते पुस्तक उघडणारा बहुधा मालकच असतो, शेजारी स्प्राइटच्या पुस्तकासारखं फोटोंचं दुसरं पुस्तक उघडं ठेवून.