ग्लॅमर (स्कॉट्स शब्द)

ग्लॅमर हा स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातील स्कॉट्स भाषेचा जुना शब्द असून त्याचा मूळ अर्थ नजरबंदी, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर भूल घालून वस्तू आहे त्याहून निराळी भासविण्याची विद्या, असा आहे. सैतान, चेटके किंवा गारुडी लोकांची दृष्टी फसवितात तेव्हा ते त्यांच्या डोळ्यांवर ‘ग्लॅमर टाकतात’, असे स्पष्टीकरण कवी ॲलन रॅम्झी याने अठराव्या शतकाच्या आरंभी दिले. जिप्सींनी वाड्याच्या दाराशी गाऊन घरधनिणीला भुरळ घातली आणि ती त्यांच्याबरोबर निघून गेली, या स्कॉटिश लोकगीतातही हाच शब्दप्रयोग येतो.

शब्दाला व्यापक प्रसिद्धी दिली ती स्कॉटिश कवी व कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याने. त्याच्या 1805 मधील ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल’ या दीर्घकाव्यात मायकेल स्कॉट या जादूगाराच्या ग्रंथातील एक मंत्र आहे. त्याच्या प्रभावाने अंधारकोठडीच्या भिंतीवरील कोळिष्टके सरदाराच्या दिवाणखान्यातील भरजरी पडद्यांसारखी दिसतात, अक्रोडासारख्या फळाचे कवच सोनेरी नौका भासते आणि धनगराची झोपडी राजवाडा वाटते. या शब्दाचा जुना अर्थ इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे उतरला असेल.

व्युत्पत्ती याहून विस्मयकारक आहे. ग्लॅमर हे ‘ग्रॅमर’ (व्याकरण) या शब्दाचेच बदललेले रूप होय. दोन र-कारांपैकी पहिल्याचा उच्चार ल झाला. मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे मुख्यतः लॅटिनचे अध्ययन, पर्यायाने एकूण विद्वत्ता. आणि निरक्षर समाजाच्या दृष्टीने पोथी वाचणाऱ्यास मंत्रतंत्रही अवगत असणारच. जादूच्या पोथीला फ्रेंचमध्ये ‘ग्रिम्वार’ म्हणतात, तोही व्याकरणवाचक शब्दाचाच अपभ्रंश आहे. वर उल्लेखिलेला मायकेल स्कॉट हा तेराव्या शतकातील खराखुरा विद्वान होता. स्पेनमधील टोलेडो येथे त्याने अरबी ग्रंथांचे लॅटिन अनुवाद केले, पुढे तो सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारी होता. तरीही इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला नरकातील मांत्रिकांत बसविले. आइसलँडच्या गाथेतील ग्लाम या भुताच्या नावाशीही काहींनी या शब्दाचा संबंध जोडला. परंतु व्याकरणाची व्युत्पत्तीच सामान्यतः ग्राह्य धरली जाते.

मोहक आकर्षण हा अर्थ एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रूढ होऊ लागला आणि विसाव्या शतकात हॉलिवूडच्या तारकांमुळे तो जगभर पसरला. मराठीत हा शब्द आला तो इंग्रजीमार्गे आणि याच नव्या अर्थाने.