ओर्चा खोरे
इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेस ओर्चा नदीचे हे खोरे पसरले असून पिएन्झा, सान क्विरिको, मोंताल्चिनो व रादिकोफानी ही त्यातील प्रमुख गावे होत. युनेस्कोने २००४ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

येथील देखावा निसर्गदत्त भासतो, परंतु तो मुख्यतः माणसाने घडविला आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत हा मुलूख सिएना प्रजासत्ताकाच्या अमलाखाली आल्यावर त्याची नव्याने आखणी झाली आणि सुव्यवस्थित राज्याची शेती कशी असावी, याचा तो जणू नमुनाच ठरला. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ च्या सुमारास सुशासनाची फळे दाखविणारे जे भित्तिचित्र रंगविले, त्यातील नांगरलेल्या टेकड्या येथे फिरताना वारंवार आठवतात.

पिएन्झा हे या खोऱ्याचे मर्म होय. येथेच १४०५ मध्ये जन्मलेल्या पोप दुसरे पायस यांनी बेर्नार्दो रोसेल्लीनो या वास्तुविशारदाकडून १४५९ पासून अवघ्या काही वर्षांत आपल्या लहानशा जन्मगावाचा कायापालट करविला. पोपच्या प्रासादाची दक्षिण बाजू मुद्दाम खुली ठेवून तेथे एकावर एक तीन सज्जे काढले आहेत, ज्यांतून खालची बाग, त्यापलीकडील खोरे आणि क्षितिजावरचा १,७३८ मी. उंचीचा आम्याता पर्वत एका दृष्टिक्षेपात येतो. पर्यटक बहुधा चौकातूनच परततात. मात्र हे सज्जे पाहिल्याशिवाय पिएन्झा पाहिले असे म्हणता येणार नाही. शेजारचे कॅथीड्रल मात्र ठिसूळ उतारावर उभारल्याने मागील बाजूस खचत आले असून त्याच्या जमिनीचा उतार चालताना पायांना जाणवतो.

रोमकडे जाणारा मध्ययुगीन यात्रामार्ग, व्हिया फ्रांचीजेना, याच खोऱ्यातून जातो व आजही त्यावरून पायी जाता येते. वाटेजवळील बान्यो विन्योनी या खेड्यात चौकाच्या जागी गरम पाण्याच्या झऱ्याचे मोठे कुंड आहे. त्यात स्नानास मनाई आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धेलीची शेती मोडीत निघाली, कुळे शहरांकडे गेली आणि शेतघरे ओस पडली. पुढे त्यांपैकी अनेक घरे कृषिपर्यटनासाठी पाहुण्यांना खुली झाली. हिरवा गहू पाहावयाचा असल्यास एप्रिल-मे, तर नांगरलेल्या करड्या मातीचे उघडे रूप पाहावयाचे असल्यास शरद ऋतू योग्य होय.