राणीमाशीला कुणी विचारत नाही

बचत गटाचा मेळावा असो की नव्या सरपंचांचे प्रशिक्षण, वक्ता पोळ्याची गोष्ट हमखास काढतो. राणीमाशी हुकूम सोडते, कामकरी माश्या निमूट राबतात, तेव्हा नेता राणीसारखा हवा! पोळ्यात तसे काही घडत नाही. राणी अंडी घालते आणि अंगाच्या गंधातून आपण असल्याचे कळवत राहते, एवढेच. चूक जुनीच आहे म्हणा. ॲरिस्टॉटलने तर तिला राजाच ठरवले होते.

फुलोरा भरात आला, वसाहत फुगली, की कामकरी माश्याच नव्या राणीची घरे बांधायला घेतात. जुन्या राणीचा खुराक तोडून तिला उडण्याइतकी हलकी करतात आणि निम्म्याहून जास्त माश्या तिला घेऊन निघतात. धुऱ्यावरच्या बाभळीला सातेरी, म्हणजे ढोलीत पोळे करणाऱ्या देशी माश्यांचा जो घड लोंबताना दिसतो, तो हाच. नवे घर अजून ठरलेले नसते. ते शोधायला निघतात थोड्या अनुभवी माश्या, शंभरात तीन ते पाच.

माश्या घर असे शोधतात, हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांना 1949 साली म्युनिकमध्ये उमगले. घडावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने काळ्या, काही विटांच्या भुकटीने लाल, काही पिठाने पांढऱ्या झालेल्या. फुलांवरून आलेली माशी अशी मळत नाही. त्या घरासाठी जागा पाहून आल्या होत्या आणि नाचून तिचा पत्ता सांगत होत्या. नाचाचा उभ्या रेषेशी जो कोन, तोच जागेचा सूर्याच्या दिशेशी कोन. शेपूट हलवत एक सेकंद चालणे म्हणजे ढोबळ एक किलोमीटर. पुढे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ टॉमस सीली यांनी बाकीचा हिशोब मांडला. हे आकडे युरोपीय माशीचे आहेत. आपली सातेरी तिची जवळची बहीण.

समजा, एका माशीला सुमारे 40 लिटरची, लहान तोंडाची, उत्तम ढोली सापडली. ती 90 फेऱ्या नाचते. पुन्हा ढोली पाहून येते, या वेळी 75 नाचते. मग 60, 45, 30, 15 आणि बंद. दर खेपेला साधारण 15 फेऱ्या कमी, जागा कितीही आवडलेली असो. बेताच्या जागेसाठी सुरुवातच 30 ने झाली, तर 30 आणि 15, संपले. बेरीज करा: 315 विरुद्ध 45. जागा तिप्पट चांगली, पण प्रचार सातपट! शिवाय कुणी नाच पाहून भुलत नाही. प्रत्येक माशी स्वतः जागा पाहून येते आणि मगच नाचते. पहिल्या माशीचा हट्ट आपोआप विझतो, म्हणून उशिरा सापडलेली चांगली जागाही जिंकू शकते.

सगळ्यांचे एकमत होईपर्यंत मात्र कुणी थांबत नाही. एका ढोलीपाशी एकाच वेळी 20-30 शोधक जमले, की हे शोधक घडाकडे परतून पिपाणीसारखा बारीक आवाज काढतात. बाकीच्या माश्या उडण्याचे स्नायू थरथरवून 35 अंशांपर्यंत अंग तापवतात आणि थवा उठतो. गडबड कुठे होते तेही तपासले गेले. शेजारी शेजारी पाच सारख्याच चांगल्या पेट्या ठेवल्या तर शोधक विखुरतात, कुठेच पुरेशी गर्दी जमत नाही आणि उड्डाण लांबते. राणी वाटेत गळाली तर थवा माघारी फिरतो. तिच्यावाचून चालत नाही, पण घराबाबत तिला विचारतही नाहीत.

असा घड दारच्या कडुनिंबाला लागला की कुणी लक्ष्मी आली म्हणतो, कुणी अपशकुन. माश्या फक्त मुक्कामाला असतात, काही तास ते काही दिवस. पोटे मधाने भरलेली, राखायला पोळे नाही, त्यामुळे सहसा डंख मारत नाहीत. जाळ करू नका, औषध मारू नका. पण मोठ्या झाडाच्या उंच फांदीला एकच भलेमोठे उघडे पोळे असेल तर तो आग्या. तिथे ही खात्री लागू नाही, लांबच राहा. सातेरीचा घड दोन-तीन हातांवरून, वाऱ्याच्या आड न येता पाहता येतो. वरच्या थरात नाचणारीच्या अंगावर चुना लागलाय की जुन्या ढोलीचा भुसा, ते बघा.