टाकीवरचा पंखा नागपुरात चालतो, मुंबईत दमतो

मासे आणि प्रवाळं पाळायला खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घरी आणायची म्हटली की दुकानदार आधी हीटर दाखवतो. पुण्यातल्या डिसेंबरात तो लागेलही. पण आपल्याकडे खरी डोकेदुखी उन्हाळ्याची. प्रवाळं 25-26 अंश सेल्सिअसला सुखात असतात. पारा दिवसेंदिवस 30च्या वर रेंगाळला, तर ती आपल्याच ऊतींत राहून अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशांना तो नेमका तेव्हाच जास्त लागतो.

पाणी काही फक्त हवेनं तापत नाही. पाण्यात बुडालेला 50 वॉटचा पंप जी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन टाकीतच उतरते. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर 200 लिटर पाणी दिवसभरात 5 अंशांनी चढेल!

यावर स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. 100 लिटर पाणी 6 अंशांनी उतरवायला ती पुरते. तत्त्व माठाचंच, आणि मर्यादाही त्याचीच. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की तो जो आकडा दाखवतो, त्याच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. नागपुरात हवा 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असली, तर हा आकडा 23च्या आसपास येतो. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्क्यांना तो 28 असतो. म्हणजे मुंबईकराची हवा गार असूनही हरतो तोच.

पंखा लावला की आणखी एक काम मागे लागतं. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. 200 लिटरमधून रोज 4 लिटर उडाले आणि तुम्ही बघितलंच नाहीत, तर आठवड्यात क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यातलं मीठ, 35 ग्रॅमवरून 40च्या पुढे जाते. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. खारं पाणी ओतणं म्हणजे दुखण्यात भर.

दमट किनाऱ्यावर मग चिलरच, म्हणजे फ्रिजसारखा पाणी गार करणारा संच, घ्यावा लागतो. तो पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो, म्हणून त्याला टाकीखालच्या बंद कपाटात कोंबू नये. तिथे तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो आणि वीजबिल तेवढं वाढतं.